संगणकाचे बिऱ्हाड हलविताना

घरात, शाळेत किंवा विविध कार्यकारी सोसायटीच्या कचेरीत नवा संगणक येतो. हळदकुंकू लावून त्याची पूजा होते, पेढे वाटले जातात. दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारते, "अहो, मागच्या वर्षीच्या दाखल्यांची फाईल ह्यात कुठे दिसत नाही?" येथून खऱ्या अडचणीला सुरुवात होते. यंत्र नवे आले, परंतु काम जुन्यातच राहिले. हे जुन्यातले काम नव्यात सुखरूप कसे आणावे, ह्याविषयी आज मी आपणाशी चार शब्द बोलणार आहे.

हा प्रश्न अलीकडे पुष्कळांच्या दारी आला आहे, त्याला तसेच कारण आहे. विंडोज १० ही आपल्याकडे घरोघर चालणारी प्रणाली. मायक्रोसॉफ्ट कंपनीने तिचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. ह्याचा अर्थ त्या दिवशी जुने संगणक बंद पडले असा नव्हे. ते सुरू होतात, टंकलेखन करतात, छापतातही. मात्र सुरक्षिततेच्या ज्या दुरुस्त्या कंपनीकडून नेमाने मिळत, त्या वाढीव मुदतीची नोंदणी केलेले लोक सोडले तर इतरांना मिळेनाशा झाल्या. पुढची प्रणाली विंडोज ११. तिला किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवणीची जागा आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. २०१७ च्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरांना तर ती अधिकृतपणे घेतच नाही. तेव्हा जुने यंत्र कितीही धडधाकट असले, तरी पुष्कळांना नवे घेणे भाग पडले. बिऱ्हाड हलविण्याची वेळ आली ती अशी.

आता बिऱ्हाड हलविताना आपण काय करतो? सामानाची वर्गवारी करतो. संगणकातले सामानही मुख्यतः दोन प्रकारचे असते, आणि हा भेद एकदा नीट ध्यानात आला की निम्मे काम झालेच म्हणून समजा. पहिला प्रकार फायलींचा. आपण लिहिलेली पत्रे, गुणपत्रके, हिशेबाचे तक्ते, छायाचित्रे ह्या झाल्या फायली. दुसरा प्रकार प्रोग्रामांचा. ज्यांच्या साहाय्याने आपण ही पत्रे लिहितो, हिशेब मांडतो, ती सॉफ्टवेअरे म्हणजे प्रोग्राम.

फाईल म्हणजे धान्याचे पोते. ह्या खोलीतून उचलले, त्या खोलीत ठेवले; आतले दाणे तेच राहतात. प्रोग्राम म्हणजे विहिरीवरची विजेची मोटर. नुसती मोटर उचलून दुसऱ्या विहिरीवर नेऊन ठेवली, तर पाणी वर येईल काय? नाही येणार. तिचा पाया, पाइप, स्टार्टर, तारा हे सगळे नव्या जागी पुन्हा बसवावे लागते. आणि विजेची जोडणी कुणाच्या नावावर आहे, हेही पाहावे लागते.

प्रोग्रामाचे नेमके असेच असते. आपण तो बसवितो, तेव्हा तो एका फोल्डरात गप्प बसत नाही. त्याचा मुख्य भाग 'प्रोग्राम फाइल्स' नावाच्या फोल्डरात जातो, काही भाग विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात जातो, आपल्या आवडीनिवडी तिसऱ्याच एका लपलेल्या फोल्डरात नोंदल्या जातात. शिवाय विंडोजची एक मोठी नोंदवही असते, तिला रजिस्ट्री म्हणतात. तीत ह्या प्रोग्रामाच्या कितीतरी नोंदी होतात. आपण नुसते फोल्डर उचलून नेले, तर ह्या साऱ्या नोंदी मागेच राहतात. मग नव्या संगणकावर त्या चित्रावर कितीही टिचक्या मारा, अमुक फाईल सापडत नाही, एवढेच उत्तर मिळते.

एका माध्यमिक शाळेत असेच घडले. तेथील लिपिकांनी मोठ्या कष्टाने दोन दिवस बसून 'प्रोग्राम फाइल्स'चे अख्खे फोल्डर पेनड्राइव्हवर घेतले. सगळे आले अशा समजुतीने जुन्या संगणकाची डिस्क पुसून तो प्रयोगशाळेला देऊन टाकला. नव्यावर एकही प्रोग्राम चालेना. ह्याहून वाईट गोष्ट म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदी 'डॉक्युमेंट्स'मध्ये होत्या, त्या मात्र घ्यायच्या राहून गेल्या. जे नेण्याजोगे नव्हते ते नेले आणि जे न्यायला हवे होते ते पुसले. तीन वर्षांचे काम रजिस्टरांवरून पुन्हा भरावे लागले. रजिस्टरे होती, म्हणून निभावले.

म्हणून नियम असा: फायलींची नक्कल करावी, आणि प्रोग्राम नव्याने बसवावे.

कामास हात घालण्यापूर्वी एक कोरी वही घ्या. संगणकाच्या कामाला वही कशाला, असे कुणी म्हणेल. पण जो संगणक आपण मोकळा करणार, त्याचीच यादी त्याच्याच पोटात ठेवणे शहाणपणाचे नाही. वहीच्या एका पानावर आपण खरोखर वापरतो त्या प्रोग्रामांची नावे लिहा. जुन्या संगणकावर पन्नास प्रोग्राम असतील. त्यांतले रोजचे आठदहाच निघतात. प्रत्येकापुढे लिहा की तो कोठून आणला, त्याची तबकडी किंवा बसविण्याची फाईल कोठे आहे आणि त्याचा परवाना क्रमांक काय आहे. दुसऱ्या पानावर फायली कोठकोठे आहेत ते लिहा. तिसऱ्या पानावर छपाईयंत्र, स्कॅनर, बोटाचा ठसा घेणारे यंत्र अशा जोडलेल्या वस्तू लिहा. कारण ह्यांनाही नव्या संगणकावर त्यांचा स्वतःचा चालक प्रोग्राम लागतो.

परवान्याची गोष्ट थोडी समजावून घेतली पाहिजे. संगणकाबरोबर कारखान्यातूनच बसवून आलेली विंडोज सामान्यतः त्याच संगणकाशी बांधलेली असते; ती दुसऱ्यावर नेता येत नाही. स्वतंत्रपणे विकत घेतलेला परवाना बहुधा नेता येतो. परंतु पुष्कळ प्रोग्राम एका वेळी एकाच संगणकावर चालू देतात. अशा वेळी जुन्या संगणकावर तो परवाना आधी रीतसर मोकळा करावा लागतो. हे काम जुना संगणक चालू आहे तोवरच सोपे असते. तो बंद पडल्यावर कंपनीला पत्रे लिहीत बसावे लागते.

आता फायलींकडे वळू. त्या कोठे असतात? 'सी' ड्राइव्हमध्ये 'युजर्स' नावाचे फोल्डर असते, त्यात आपल्या नावाचे फोल्डर असते, आणि त्यात 'डेस्कटॉप', 'डॉक्युमेंट्स', 'पिक्चर्स', 'डाउनलोड्स' ही चार-पाच खोल्यांची चाळ असते. पडद्यावर जे दिसते ते 'डेस्कटॉप'मध्ये असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कित्येकांना 'डी' ड्राइव्हवर ठेवण्याची सवय असते, तेथेही पाहावे. हिशेबाचे प्रोग्राम आपला विदा बहुधा स्वतःच्या वेगळ्या फोल्डरात ठेवतात. तो कोठे आहे हे त्या प्रोग्रामातच पाहून घ्यावे आणि त्याच्यातच असलेल्या बॅकअपच्या सोयीने नक्कल काढावी. आउटलुक वापरणाऱ्यांची टपाल पुष्कळदा संगणकातच एका मोठ्या फायलीत साठलेली असते. ब्राउझरमधल्या खुणा आणि परवलीचे शब्द हेही आठवणीने बाहेर काढावे लागतात.

उलटपक्षी, काही गोष्टी न्यायच्याच नसतात. 'सरल', 'शालार्थ' किंवा 'यू-डायस प्लस' ह्यांवर शिक्षक जी माहिती भरतात, ती आपल्या संगणकात नसतेच. ती दूरच्या सरकारी संगणकांवर असते. तेथे पोहोचण्यासाठी नव्या यंत्राला ब्राउझर आणि आपला परवलीचा शब्द एवढे पुरे. ज्यांची डिजिटल स्वाक्षरी टोकनवर आहे, त्यांनी ते टोकन नव्या संगणकाला लावावे, पण त्याचा चालक प्रोग्राम आधी बसवावा.

ही पोती वाहून न्यायची कशाने? पेनड्राइव्ह, बाहेरून जोडायची हार्ड डिस्क, दोन्ही संगणकांना जोडणारे जाळे किंवा इंटरनेटवरची साठवण, असे चार मार्ग आहेत. खेड्यात इंटरनेटचा वेग बेताचा असतो, आणि वनड्राइव्हसारख्या ठिकाणी फुकट जागा मिळते ती ५ जीबी. त्यामुळे मोठ्या कामाला बाहेरची हार्ड डिस्क बरी. वेळेचा अंदाज घ्यायचा तर असा घ्यावा: जुन्या पद्धतीच्या यूएसबी २.० खाचेतून सेकंदाला सुमारे ३० एमबी माल जातो, म्हणजे १०० जीबीला जवळजवळ एक तास लागेल. स्वस्त पेनड्राइव्ह सेकंदाला १० एमबीच लिहीत असेल, तर त्याच कामाला पावणेतीन तास लागतील. हजारो बारीक फायली असल्या तर याहूनही वेळ लागतो. सुटे दाणे वेचण्यापेक्षा भरलेले पोते उचलणे सोपे, तसेच हे आहे. अशा फायली एका झिप फायलीत बांधून न्याव्यात.

आणखी एक खाच आहे. पुष्कळ पेनड्राइव्ह 'फॅट ३२' ह्या जुन्या पद्धतीने आखलेले असतात. त्यांत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल मावत नाही, मग पेनड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना! स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण घेताना हा अनुभव येतो. असा पेनड्राइव्ह मोकळा करून 'एक्सफॅट' पद्धतीने पुन्हा आखून घेतला की अडचण दूर होते. आणि गावभर फिरलेला पेनड्राइव्ह नव्या संगणकाला लावण्यापूर्वी विषाणू तपासणी अवश्य करावी. नव्या घरात जुने ढेकूण नेऊ नयेत.

नक्कल झाली की ती तपासावी. हे काम लोक टाळतात. मूळ फोल्डरवर उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' पाहिले, तर त्यात किती फायली आहेत आणि त्यांचा एकूण आकार किती आहे हे आकड्यांत दिसते. तेच आकडे नव्या ठिकाणी पाहावेत. दोन्हीकडे जुळले, तर मोजणी बरोबर. नंतर निरनिराळ्या फोल्डरांतल्या दहापाच फायली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. पोती मोजली, आता मूठभर दाणे हातावर घेऊन बघायचे, इतकेच.

ह्या ठिकाणी मराठीत लिहिणाऱ्यांना एक धक्का बसतो, त्याविषयी थोडे विस्ताराने बोलणे अवश्य आहे. फाईल आली, आकडे जुळले, उघडली. आणि आत मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला! 'भारत' हा शब्द शोधावा, तर त्या जागी एच, के, के, जे, आर अशी पाच अक्षरे उभी. फाईल बिघडली असे समजून लोक ती टाकून देतात. वस्तुतः फायलीला काहीही झालेले नसते.

घडते ते असे. संगणकात अक्षर साठत नाही, अक्षराचा क्रमांक साठतो. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी असे जुने टंक निघाले, त्या काळी देवनागरीला जगात सर्वत्र चालेल असे स्वतंत्र क्रमांक नित्याच्या वापरात नव्हते. म्हणून ह्या टंकांनी इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीची चित्रे बसविली. कृतिदेवात इंग्रजी 'डी'च्या जागी 'क'चे चित्र असते. तो टंक संगणकात आहे तोवर आपणास 'क' दिसतो. टंक नसला की खालचा 'डी' उघडा पडतो. त्यातून प्रत्येक टंकाची मांडणी वेगळी, म्हणून एका टंकातला मजकूर दुसऱ्यात वाचता येत नाही.

ह्यावर तात्पुरता उपाय सोपा आहे. जुन्या संगणकात 'विंडोज'च्या पोटात 'फॉन्ट्स' नावाचे फोल्डर असते. तेथून आपण वापरलेले टंक, त्यांचा परवाना परवानगी देत असेल तर, नव्या संगणकावर आणून बसवावेत. मजकूर लगेच पूर्ववत दिसू लागतो. मात्र टंक आणला म्हणजे वाचण्याची व छापण्याची सोय झाली. कळफलकावरून लिहिण्यासाठी त्याबरोबरचा लेखन-प्रोग्राम पुन्हा बसवावा लागतो. अशा काही प्रोग्रामांना कुलूप म्हणून एक लहानशी वस्तू संगणकामागे लावावी लागे. ती जुन्या छपाईयंत्राच्या रुंद खाचेत बसणारी असेल, तर नव्या संगणकांना बहुधा ती खाचच नसते, हे आधी पाहून घ्यावे.

कायमचा उपाय म्हणजे युनिकोड. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तीतच देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले. विंडोज २००० पासून 'मंगल' हा युनिकोड टंक विंडोजबरोबर येऊ लागला. युनिकोडमध्ये लिहिलेला 'क' हा कोणत्याही संगणकावर, मोबाइलवर 'क'च राहतो. लिहिण्यासाठी विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट कळमांडणी आहेच, आणि विंडोज १० च्या २०१९ मधील सुधारणेपासून उच्चारानुसार मराठी लिहिण्याची सोयही त्यातच आली. ज्यांची बोटे टंकयंत्राच्या रेमिंग्टन पद्धतीला सरावली आहेत, त्यांनाही ती मांडणी युनिकोडसाठी मिळू शकते.

जुन्या टंकातला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्राम मिळतात. पण त्यांवर डोळे मिटून विश्वासू नये. जुन्या टंकांत ऱ्हस्व वेलांटी आपण लिहितो तशी अक्षराच्या आधी साठते, तर युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठते. रफाराचीही तीच तऱ्हा. बदल करताना येथे घोटाळे होतात, आणि मधे आलेले इंग्रजी शब्द तर भलत्याच देवनागरीत उमटतात. विद्यार्थ्याच्या दाखल्यावरचे नाव एका वेलांटीने बदलले तर त्याला पुढे वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागतात. तेव्हा महत्त्वाचे कागद बदलल्यावर मुळाशी ताडून वाचावेत. ज्यांत पुढे फेरफार करायचा नाही, असे जुने ठराव, अहवाल, स्मरणिका जुन्या संगणकावरच पीडीएफ करून घ्यावीत, आणि करताना टंक त्यातच अंतर्भूत होत आहेत ना, हे पाहावे. मग नव्या संगणकावर तो टंक नसला तरी वाचता येते.

दूध संस्था, पतपेढ्या ह्यांतून दुसरा एक पेच आढळतो. तेथे डॉसच्या काळातले, फॉक्सप्रोमध्ये लिहिलेले हिशेबाचे प्रोग्राम कित्येक वर्षे चालत आले. विंडोज ११ ही केवळ ६४ बिटांची प्रणाली आहे, आणि १६ बिटांचे ते जुने प्रोग्राम तीवर थेट चालत नाहीत. अशा वेळी घाबरून जाऊ नये. प्रोग्राम थांबला म्हणजे हिशेब बुडाला असे नाही. त्यांच्या डीबीएफ फायली बहुतांशी लिब्रेऑफिससारख्या विनामूल्य प्रोग्रामात तक्ता म्हणून उघडतात. खातेदाराचे नाव आणि शिल्लक वाचता आली, तर ती नव्या प्रणालीत भरता येते. परंतु हे जुना संगणक चालू असतानाच करावे. जुन्या प्रोग्रामातून सर्व खात्यांची छापील यादीही काढून घ्यावी. त्या यादीवर गावातल्या माणसांचा घामाचा पैसा असतो.

जुना संगणक बंदच पडला असेल तर? पुष्कळदा बिघाड दुसरीकडे असतो आणि डिस्क शाबूत असते. ती काढून, बाजारात मिळणाऱ्या पेटीत बसवून, यूएसबीने नव्या संगणकाला जोडता येते. लॅपटॉपची लहान डिस्क यूएसबीच्याच विजेवर चालते. मोठ्या संगणकाच्या डिस्कला स्वतंत्र वीज लागते. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर तिची ४८ अंकी किल्ली हाताशी हवी. ती नसली तर आतले काही दिसायचे नाही. ही किल्ली त्या वहीत आधीच उतरवून ठेवणे इष्ट. आणि डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर ती पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. ती जाणकाराच्या हाती द्यावी.

सगळे नव्यावर आले, तपासून झाले, तरी जुना संगणक लगेच काढू नये. निदान महिनाभर तसाच ठेवावा. विसरलेली वस्तू नव्या घरात राहायला गेल्यावरच आठवते. त्यानंतर तो देताना किंवा विकताना आतली माहिती रीतसर पुसावी. नुसते 'डिलीट' केल्याने फाईल जात नाही. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून नाव खोडावे आणि पाने तशीच राहावीत, तसे ते होते. विंडोजमधील 'रिसेट'मध्ये सर्व काढून डिस्क स्वच्छ करण्याचा पर्याय असतो, तो निवडावा. विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक आणि खातेदारांची नावे भंगाराच्या दुकानात जाऊ नयेत. यंत्र अगदीच निकामी असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावे.

शेवटी एक सूचना. बिऱ्हाड हलविण्याची पाळी प्रत्येक संगणकावर केव्हा ना केव्हा येतेच, आणि यंत्र आपली मुदत सांगून बंद पडत नाही. म्हणून महत्त्वाच्या फायलींच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी असावी. शेतकरी बियाणे सगळेच्या सगळे एका कणगीत ठेवीत नाही. थोडे वर, माळ्यावर बांधून ठेवतो. येत्या रविवारी वही घेऊन संगणकापुढे बसा आणि निदान पहिले पान तरी लिहून काढा. इतके सांगून मी आपली रजा घेतो.